दुसरी बुडी

मित्रांनो, आपल्या भंडारा जिल्ह्यात सत्य शोधून काढण्याचं एकच खात्रीचं साधन आहे, आणि ते साधन मी आहे. पंचांची चूक होते, पोलीस पाटलाची होते, वर्तमानपत्रांची तर रोज सकाळी होते. माझी आजवर झालेली नाही. माझ्यासमोर कुणी कितीही दडवलं तरी ते आपल्या पायांनी वर येतं आणि सगळ्यांदेखत फुटतं.

मी नाकाडोंगरीच्या बस स्टॉपजवळ, सोमाजी मिस्त्रींच्या सायकल दुकानातलं जुनं पितळी घंगाळ आहे. माझ्यात पाणी भरून ट्यूबचं पंक्चर बघतात.

एवढं ऐकलं की पुष्कळांचा माझ्याबद्दलचा आदर कमी होतो. म्हणून आधी माझं कूळ सांगतो. माझा जन्म भंडाऱ्याचा. भंडाऱ्याची पितळी भांडी कशी असतात हे मी माझ्या तोंडानं सांगणं बरं नाही, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो : चांगली असतात. एका कारागिरानं पत्र्यावर आठ दिवस हातोडी चालवली, तेव्हा मी झालो. त्याचे ठोके इतके सारखे होते की आजही माझ्या अंगावरून हात फिरवला तर ते ओंबीतल्या दाण्यांसारखे लागतात. दोन बाजूंना दोन कड्या. त्या काळी मुलीला आंदणात घंगाळ देत आणि कुणी काय दिलं यावरून पुढं भांडण नको म्हणून भांड्यावर नाव घालत. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं आहे, ‘चि. सौ. कां. ललिता हिला मामाकडून सप्रेम भेट’. भांडणं पुढं झालीच, पण माझ्यावरून एकही झालं नाही.

लग्नानंतरची पहिली वर्षं मी न्हाणीत काढली. सोमाजींच्या घरातलं प्रत्येक मूल माझ्यातल्या कोमट पाण्यानं न्हालं, आणि प्रत्येकानं माझ्यात साबण बुडवून आईचा मार खाल्ला. ललिताबाई मला दर शुक्रवारी चिंच आणि राख लावून घासत. पाहुणीची नजर न्हाणीकडं गेली की ती हमखास म्हणे, “घंगाळ भारी हाय वो.” त्यावर ललिताबाई मान वर न करता म्हणत, “मामानं देल्लं.” या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं ताठ राहिलो.

मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. त्या हलक्या होत्या, रंगीत होत्या आणि त्यांना घासावं लागत नव्हतं. पितळेच्या मोडीवर स्टील देणारा दारावर आला तेव्हा शेजारच्या घरातलं सगळं पितळ त्याच्या पोत्यात गेलं. ललिताबाईंनी मला दिलं नाही. वापरलंही नाही. पडवीत तांदळाच्या कोंड्याखाली मी तीन वर्षं होतो. या काळाबद्दल मी फारसं बोलत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते एका भोकानं. दुकानातलं लोखंडी घमेलं गंजून बुडाशी फुटलं. ज्यात पंक्चर बघायचं त्यालाच पंक्चर झाल्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास कसा राहणार? सोमाजींनी “एका दिवसापुरतं” म्हणून मला उचलून दुकानात नेलं. त्या एका दिवसाला आता सव्वीस वर्षं झाली. ललिताबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दुकानात येऊन एवढंच म्हणाल्या, “पानी तरी रोज बदलत जा.”

आणि मित्रांनो, खरं सांगतो, माझं खरं आयुष्य तिथंच सुरू झालं. न्हाणीत मी शोभेचा होतो. दुकानात मी कामाचा झालो. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती माझ्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची, आणि बुडबुडा जिथून निघेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. मग कानशीनं घासून, सोल्युशन लावून, प्याच दाबून, हातोडीचे चार ठोके द्यायचे. बाकीचे मिस्त्री इथं थांबतात. सोमाजी थांबत नसत. ते ट्यूब पुन्हा एकदा माझ्यात बुडवत आणि श्वास रोखून बघत. त्यांचं म्हणणं असं की पहिली बुडी गिऱ्हाइकाची असते, दुसरी मिस्त्रीची. पहिलीत सायकलीचं भोक दिसतं, दुसरीत आपलं.

या दुसऱ्या बुडीमुळं गोबरवाही आणि चिखल्याकडचे लोकही आपल्या गावातलं दुकान ओलांडून आमच्याकडं येत. ‘ट्यूब फाटन, पन सोमाजीचा प्याच सुटनार नाही’ असं आमच्या भागात म्हणत. हे सोमाजींच्या हाताचं कौतुक होतं. त्यात माझा वाटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी ठरवून टाकलं आहे.

आता त्या रविवारची गोष्ट.

डिसेंबर होता. धान मळून झालं होतं, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली होती, नाटकं अजून लागायची होती. थोडक्यात, गावाकडं बोलायला विषय नव्हता. अशा वेळी सकाळी आठच्या सुमाराला एक अनोळखी माणूस पुढच्या चाकाची हवा गेलेली सायकल हातानं ढकलत आला. डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं काहीतरी, अंगात पिवळंधमक जॅकेट, डोळ्यांवर काळा चष्मा. सायकल अशी की तिच्याकडं बघून दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या सायकली म्हाताऱ्या दिसू लागल्या.

हे सगळं मी ऐकून सांगतो आहे. मी जमिनीवर असतो. मला फक्त गुडघे दिसतात. त्याचे गुडघे उघडे होते.

त्यानं आपलं चाक आपणच काढलं, ट्यूब ओढून सोमाजींच्या हातात दिली आणि ललिताबाईंनी दिलेला चहा घेत ओट्यावर बसला. नागपूरहून आलो, पहाडीवर सायकल चढवणार, दोन तासांत परत येतो, असं म्हणाला. आमच्या गावाच्या उत्तरेला पहाडी आहे. नकाशात ती सातपुड्याची म्हणून दाखवतात, आणि पाहुण्यांना आम्हीही तसंच सांगतो. पलीकडच्या उतारानं खाली गेलं की मध्य प्रदेश.

तेवढ्यात सायकलीभोवती पंधरा-वीस माणसं जमली. सोमाजी प्याच लावत होते, पण त्यांचे डोळे बाहेर होते. मागच्या चाकाजवळ दातेरी चकत्यांची उतरंडच होती. साठ वर्षांच्या मिस्त्रीनं तसं काही जवळून पाहिलं नव्हतं.

आता मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना माझी चकाकी कमी होते, पण सत्याचं साधन म्हणवून घेतल्यावर इलाज नाही. सोमाजींनी प्याच लावला, ठोके दिले, ट्यूबची घडी केली, रबर लावलं आणि त्या माणसाच्या हातात दिली. पाणी माझ्यात तसंच उभं राहिलं.

दुसरी बुडी झाली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

माणूस ट्यूब घेऊन सायकलीकडं गेला. त्यानं टायरात काळी ट्यूब घातली, छोट्या पंपानं हवा भरली, ऊन चढतंय म्हणून जॅकेट काढून दुकानातल्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाला, “काका, येताना घेतो.” हे वीस माणसांनी पाहिलं. मग तो पहाडीकडं गेला.

दोन तास झाले. चार झाले. सूर्य मावळला. जॅकेट खिळ्यालाच होतं.

सोमवारी सकाळी तपास सुरू झाला. तपास हेमराजभाऊंनी हाती घेतला. ते निवृत्त ग्रामसेवक आहेत. निवृत्तीनंतर त्यांचं गावात कुणी ऐकत नव्हतं, आणि निवृत्तीआधीही फारसं ऐकत नव्हतं, त्यामुळं त्यांचा बराच अनुभव साचला होता. त्यांच्यासमोर तुलाराम बसला. तो वनखात्यात रोजंदारीवर जातो, म्हणून जंगलाबद्दलचं त्याचं मत तज्ज्ञाचं धरतात.

“सायकलीले मीटर होता,” हेमराजभाऊ म्हणाले. “सायकलीले मीटर कायले लागते? सर्व्हेवाला होय तो. पहाडीखाली म्यांगनीज निंघालं असन.”

“सर्व्हेवाला जीपनं येते गा भाऊ. घाम गाळत कोन सर्व्हे करते?”

“तेच तं! कोनाले समजू नाही म्हनून.”

“मंग गेला कुठी?”

“त्यालेच गायब केलं. मोठ्या लोकाइचं काम असते हे.”

दुपारपर्यंत पहाडीच्या पायथ्याला पडीक जमीन असलेल्या दोघांनी आपापले सातबारे शोधून ठेवले.

मंगळवारी वाघ आला. म्हणजे चर्चेत आला. तुलारामचा वाघाला विरोध होता. “वाघानं नेला असता तं सायकल राह्यली असती. वाघ सायकल नाही नेत.”

“एवढी भारी सायकल पाहून नेली असन,” कुणीतरी मागून म्हणालं.

मग अस्वल झालं, खाणीच्या जुन्या खड्ड्यातलं पाणी झालं, बायकोशी भांडून पळाला असंही झालं. त्याचं लग्न झालं होतं की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं परक्या माणसाला आधी गाव विचारतात, मग इकडं कोण सोयरे आहेत ते विचारतात. इकडं त्याचं कुणीच नाही असं निघालं तेव्हा नावापर्यंत जायची कुणाला गरज वाटली नाही.

हे ठाण्यात उघडकीला आलं. हेमराजभाऊ आणि तुलाराम तक्रार द्यायला गेले होते. परत येऊन तुलारामनं सगळं सांगितलं.

हवालदारानं विचारलं, “नाव?”

“हेमराज.”

“तुमचं नाही. हरवलेल्याचं.”

“ते नाही मालूम.”

“घरच्यांची तक्रार आहे?”

“नाही. जॅकेट आहे.”

हवालदार वही मिटत म्हणाला, “जॅकेटवाला आला की त्याले पाठवा. हरवलो म्हनून त्यानंच लिहून द्यावं.”

हेमराजभाऊंच्या मते यातून एकच गोष्ट सिद्ध होत होती. वरून दबाव होता.

जॅकेटचे खिसे तपासावेत असा ठराव त्याच दिवशी पुढं आला. हेमराजभाऊंनी हात पुढं केला तोच ललिताबाई घरातून कडाडल्या, “परक्या मानसाच्या खिशात हात घालाले लाज नाही वाटत का हो भाऊजी? येईन तो. त्याची वस्तू हाय.” हात मागं गेला. तपासाला एकमेव अडथळा आला तो हा.

बुधवारी, चहात टोस्ट बुडवता बुडवता, कुणाचं वाईट मनात नसताना, हेमराजभाऊ म्हणाले, “नाही तं उतारावर प्याचच सुटला असन. मंग काय, संपला मानूस.”

सगळे हसले. सोमाजींचा प्याच सुटला, यापेक्षा वाघानं सायकल नेली हे जास्त पटण्यासारखं होतं.

सोमाजी हसले नाहीत. ते काथ्यानं एक टायर पुसत होते, ते पुसतच राहिले. मग उठले, माझ्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं, आणि मला भिंतीशी पालथं घातलं.

मित्रांनो, पालथं पडल्यावर जग दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. गावात मत बनवायला एवढं पुरतं असं मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक आलं की सोमाजी म्हणत, “सोल्युशन संपलं.” माणसं सायकली ढकलत दुसऱ्या गावाला जाऊ लागली. ललिताबाई म्हणाल्या, “डबी तं भरली हाय.” सोमाजी म्हणाले, “वाळली.” एका मास्तरांनी जाता जाता चाक दाबून पाहिलं आणि हळूच विचारलं, “मिस्त्री, माझा मागच्या महिन्यातला प्याच ठीक असन ना?” त्या प्रश्नानं माझं पितळ आतून थंड झालं.

गाव मात्र खूश होतं. मिस्त्रीनं काम बंद केलं म्हणजे काहीतरी असणारच. आमच्याकडं माणूस चूप बसला की त्याला कबुलीजबाब धरतात.

शुक्रवारी सोमाजी पहाडी चढले. तुलाराम सोबत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सायकली धावत्या केलेला माणूस काठी टेकत गेला आणि उन्हं उतरताना काट्यांनी ओरबाडून परत आला. वाटेत त्यांना टायरचा माग सापडला होता. तो धरून ते कोसभर गेले. माग देवाच्या शेंदरी दगडापर्यंत गेला, तिथं वळला, खाली उतरला आणि हेमराजभाऊंच्या अंगणात येऊन थांबला. ते आदल्या दिवशी सायकलीनं तपासाला गेले होते.

“पन एक सांगतो, काकी,” तुलाराम ललिताबाईंना हळू आवाजात म्हणाला, “हे मानूस शोधून नव्हते राह्यले. दरीत वाकून वाकून ट्यूब पाहून राह्यले होते.”

तो गेल्यावर सोमाजी माझ्याशेजारीच टेकले. ललिताबाई त्यांच्या खरचटलेल्या हाताला हळद लावत होत्या.

“दुसरी बुडी नाही देल्ली मी त्याले,” सोमाजी म्हणाले.

हळद लावणारं बोट थांबलं असावं. 

“काहून?”

“सायकल पाहत राह्यलो. लहान पोरासारखा.” मग म्हणाले, “तो मेला असन तं माह्या हातानं मेला.”

ललिताबाईंनी समजूत घातली नाही. ‘असं नसते हो’ वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. ज्या दुसऱ्या बुडीसाठी सव्वीस वर्षं त्यांनी मामाचं घंगाळ दुकानात राहू दिलं, तिची किंमत त्यांना ठाऊक होती.

शनिवारी सकाळी त्यांनी खिळ्यावरचं जॅकेट काढलं. आठवडाभर त्यावर दुकानाची धूळ आणि बसचा धूर बसला होता. हेमराजभाऊ ओरडले, “वयनी, पुरावा हाय तो!”

“मेलेल्याचा कपडा असा टांगत नसते,” ललिताबाई म्हणाल्या. “अन जित्याचा असन तं मळका वापस देत नसते. दोन्हीकडून धुनंच येते.”

आणि मित्रांनो, त्या जॅकेटसाठी त्यांनी बादली घेतली नाही. त्यांनी मला सरळ केलं. चिंचेनं घासलं, आतबाहेर. ऊन पाणी भरलं. किती वर्षांनी माझ्यात साबणाचा फेस झाला! पण कपडा भिजवण्याआधी कोणतीही बाई जे करते ते त्यांनी केलं : खिसे रिकामे केले. चॉकलेटचा एक कागद निघाला, आणि कापडाचा एक चौकोन, कुठल्याशा सायकल शर्यतीत छातीवर लावायचा. पुढं क्रमांक होता. मागं नाव आणि मोबाइल नंबर.

“सहा दिवसापासून हे खिशातच होतं?” हेमराजभाऊ हळहळले. नंबर सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नव्हता.

सोमाजींची सून मेघा शेजारच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. दुसऱ्याच घंटीला आवाज आला, “हां, मनिष बोलतोय.”

एवढ्या सहज उत्तराची कुणाची तयारी नव्हती. मेघा गोंधळली. “तुम्ही... आहात का?”

“कुठं?”

“म्हणजे, जिवंत.”

“कोण बोलतंय?”

मेघानं दुकान, पहाडी, जॅकेट, असं क्रमानं सांगितलं. तिकडून हसण्याचा आवाज आला. “अरे हो ना! जॅकेट! विसरूनच गेलो मी. पलीकडून उतरलो ना, मग सायकल जीपवर टाकली आणि निघालो. सॉरी हं. पुढच्या रविवारी येतो.”

मेघानं फोन सासऱ्यांपुढं केला. “मामाजी, बोलता का?”

सोमाजींनी मान हलवली. फोन बंद झाला तेव्हा ललिताबाई म्हणाल्या, “जिता हाय ना तो. आता काय झालं?”

“जीपवर काहून टाकली सायकल?” सोमाजी म्हणाले. “सायकल चालवाले आलेला मानूस सायकल जीपवर कायले टाकीन?”

 उत्तर सगळ्यांना दिसत होतं, आणि पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलावं असं कुणाला वाटलं नाही.

“मंग इचाराचं ना फोनवर,” तुलाराम म्हणाला.

“आपल्या कामाची चौकशी फोनवर नसते करत,” सोमाजी म्हणाले. “समोर उभं राहून आयकाचं असते.”

तो आठवडाही दुकानात पंक्चर निघालं नाही. मी सरळ होतो, घासलेला होतो, चकचकत होतो, पण कोरडा होतो. गावानं मात्र आपलं मत दुरुस्त करून घेतलं. तो पलीकडून उतरला असेल असं हेमराजभाऊंनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, हे त्यांना आठवलं. हळूहळू सगळ्यांनाच आपण तसं म्हटल्याचं आठवलं. सातबारे पेटीत परत गेले.

रविवारी मनिष मोटारीनं आला. बघायला दुप्पट गर्दी होती. त्याला दोन हात, दोन पाय होते, आणि यामुळं थोडी निराशा झाली. ललिताबाईंनी घडी घातलेलं जॅकेट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते नाकाशी नेलं आणि थोडा ओशाळला. “काकू, धुतलंत कशाला?”

“मंग काय मळकं देऊ?”

सोमाजींनी त्याला चहा संपवू दिला. मग विचारलं, “जीपवर काहून टाकली होती सायकल?”

“पायच गेले होते, काका. सहा महिन्यांनी चालवली ना. उतरल्यावर उभंच राहता येईना.”

“हवा?”

“हवा ठीक होती.”

“अन माहा प्याच?”

“कुठला पॅच?” मनिष म्हणाला. मग त्याला आठवलं. तो मोटारीकडं गेला आणि मागच्या बाजूला ठेवलेली पिशवी घेऊन आला. तिच्यातून त्यानं ट्यूब काढली. सोमाजींनी घातलेली घडी तशीच होती. रबरही तेच होतं. “ही तर लावलीच नाही मी. सोल्युशन ओलं वाटलं, म्हटलं वाळू द्यावं. म्हणून जवळची नवीन घातली.”

मित्रांनो, आमच्याकडं सायकलीला एक ट्यूब असते. ती चाकात असते. तिला प्याच लागतात, प्याचवर प्याच लागतात, आणि ती पार फाटेपर्यंत चाकातच राहते. कुणी माणूस दुसरी कोरी ट्यूब पिशवीत घेऊन हिंडत असेल, ही शक्यता वाघ, खाण, अस्वल आणि वरचा दबाव यांचा विचार करणाऱ्या वीस माणसांपैकी एकाच्याही मनात आली नव्हती. काळी ट्यूब टायरात गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ती कोणती, हे विचारायचं कारणच नव्हतं.

हेमराजभाऊ मनिषला बाजूला घेऊन त्याच्या बेपत्ता होण्याची हकिकत समजावून सांगू लागले. गर्दी तिकडं सरकली. सोमाजींनी माझ्यात पाणी ओतलं. ट्यूबला हवा भरली. बसले, आणि दोन आठवडे राहिलेली दुसरी बुडी दिली.

पाणी स्तब्ध झालं. मी माझं सगळं पितळ धरून होतो. मला खोटं बोलता आलं असतं तर त्या क्षणी मी बोललो असतो.

प्याचच्या कडेखालून मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला. वर आला आणि फुटला. मग दुसरा.

सोमाजींनी तो पाहिला. चहाचा कप उचलायला वाकलेल्या ललिताबाईंनीही पाहिला.

“दिसला?” त्या पुटपुटल्या.

“हव.”

“मंग लावा दुसरा. पाहता काय?”

सोमाजींनी प्याच ओढला. तो एका बाजूनं अलगद सुटून आला. त्यांनी रबर पुन्हा घासलं, सोल्युशन लावलं, आणि वाळेपर्यंत, एकदाही बाहेर न बघता, बसून राहिले. प्याच. ठोके. मग पुन्हा बुडी. त्यांचा श्वास थांबला, माझं पाणी थांबलं. काही आलं नाही. त्यांनी ट्यूब मुठीएवढी मुठीएवढी फिरवली. काही आलं नाही. मास्तर बाहेर उभे होते. सोमाजी त्यांना म्हणाले, “आना तुमची सायकल. तुमचाही पाहून देतो.”

मित्रांनो, मी राजेरजवाड्यांच्या न्हाणीत गेलो नाही, कुठल्या संग्रहालयातही जाणार नाही. पण त्या दिवशी एका प्रामाणिक माणसाला त्याची चूक मी दाखवली आणि त्यानं ती पाहून घेतली. असा मान किती भांड्यांना मिळतो? म्हणून तुम्हांला माझी एकच विनंती आहे. आपण केलेलं काम दुसऱ्याच्या हातात देण्यापूर्वी एकदा पाण्यात बुडवून बघत जा, कुणी बघत असो वा नसो. आणि घरात जुनं पितळ असेल तर ते मोडीत घालण्यापूर्वी त्याला एकदा चिंच लावून बघा.

सोमाजींनी ट्यूब कोरडी पुसली, घडी केली, रबर लावलं आणि दोन्ही हातांनी मनिषसमोर धरली.

“असू द्या काका, तुमच्याकडंच ठेवा,” मनिष म्हणाला. “मी आता बिनट्यूबचे टायर बसवून घेतलेत.”